थोरलीच्या नव्या स्प्रिंगा

६ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद. दूरध्वनीवर मी ‘हं’ आणि ‘बरं’ यांपलीकडे जात नाही, म्हणून यापुढे जे सांगायचे ते लिहून सांगावे, हा तुमचा दंडक मला मान्य आहे. लिहिताना मनुष्याला वाक्य पुरे करावे लागते. मला ते केव्हाही अधिक पसंत आहे.

येथील सर्व ठीक आहे. तुमच्या ताईला जाऊन आता सात महिने होतील. तिच्या वस्तू जेथे होत्या तेथेच आहेत. त्यांतील कोणत्या हलवाव्यात याचा निर्णय मी अद्याप घेतलेला नाही. तिचा चष्मा खिडकीत आहे. स्वयंपाकाच्या बाई तो उचलून खिडकी पुसतात आणि पुन्हा तेथेच ठेवतात. त्यांना तसे मी सांगितलेले नाही.

जानेवारीच्या आरंभी मी तुमच्याकडे यावे, आणि तेही थोरलीला घेऊन यावे, असे तुम्ही सुचवले. तुमच्या वडिलांनी ही गाडी तुम्हा दोघी बहिणींच्या जन्माआधी घेतली आणि ‘माझ्या तीन मुली’ असे म्हणताना ते पहिली हिलाच धरीत, हे मी जाणतो. तिच्याविषयी मला आदरच आहे. परंतु तिची आजची अवस्था प्रवासाला योग्य नाही. ती एका अंगाला, म्हणजे चालकाच्या शेजारच्या बाजूला, स्पष्टपणे झुकली आहे. मी पातळी तपासण्याची नळी लावून पाहिली. नळीतला बुडबुडा मध्यावर राहत नाही. स्प्रिंगा थकल्या आहेत, शॉकॲब्सॉर्बरमधून तेल पाझरते आणि रबरी भाग वाळून तडकले आहेत. शिवाय गाडी नेहमी तुमची ताई चालवीत असे. माझ्याजवळ परवाना आहे. तो वापरण्याचा प्रसंग क्वचितच आला.

तेव्हा हे काम पुरे होईपर्यंत येण्याचे निश्चित सांगता येत नाही, हे कृपया समजून घ्यावे.

तुमचा,
भावोजी


१४ ऑक्टोबर

भावोजी, नमस्कार.

पत्र वाचताना असं वाटलं, की माझ्या दुकानातला तराजू तपासायला कोणी साहेब आलेत आणि मी मापात काहीतरी मारलंय! निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण तुमच्यातला वजनमापे निरीक्षक काही खुर्ची सोडायला तयार नाही. आणि वर ‘चि.’ आणि ‘आशीर्वाद’ लिहून खाली ‘तुम्ही’ आणि ‘कृपया’ कशाला? तुमच्या लग्नात मी दोन वेण्या उडवत फिरत होते. आता वेणीपुरते केस उरले नाहीत, तरी मला ‘तू’ म्हणायला तुमची जीभ रेटत नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुमच्यासाठी थोडी बदलायला हवी. तुम्ही अंगणाला नळी लावून ते वाकडं असल्याचं सिद्धही करता. करा, सरळ करा अंगण. मग बघते कसे नाचत नाही ते.

पण एक सांगते. थोरलीची चाल बिघडवू नका. खड्डा आला की ती आधी हळूच बसते आणि मग उठते, जशी एखादी जाडी मावशी पाटावरून उठते तशी. ताई म्हणायची, हिच्यात भरलेला पेला घेऊन बसलं तरी सांडायचा नाही. तेवढी चाल राहू द्या, बाकी सोन्याचा मुलामा दिलात तरी माझी हरकत नाही.

माझं ठीक चाललंय. पाठ जरा कुरकुरते, पण माझ्या वयात जी पाठ कुरकुरत नाही ती बहुधा दुसऱ्याची असते. दुकान भाडेकरूकडे सोपवलंय, दुपारी नुसती गल्ल्यापाशी बसते आणि त्याच्या चुका काढते. बरं वाटतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात यायचं. कारण विचारू नका, यायचं. आणि तो चष्मा राहू द्या खिडकीत, तुम्हाला कोणी नोटीस बजावलेली नाही.

धाकटी


९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद. काम पूर्ण झाल्याचे कळवण्यास आनंद वाटतो.

थोरलीचे मूळ कारखानदार केव्हाच नामशेष झाले. जुन्या गाड्यांसाठी असे भाग नव्याने घडवणारा दुसरा एक कारखाना आहे. त्यांच्याकडून पुढच्या-मागच्या स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर आणि रबरी बुशांची पिशवी असा पुरा संच मागवला. चाकाला धरून ठेवणारी दांडी गाडीच्या सांगाड्याला ज्या ठिकाणी जोडतात, तेथे बसवायची रबराची जाड नळी म्हणजे बुश, हे मला या निमित्ताने समजले. तुम्हाला ते पाळण्यात असल्यापासून ठाऊक असणार.

कोपऱ्यावरचे गॅरेज आता जुन्या मिस्त्रींचा पुतण्या चालवतो. तो हसतमुख आहे. गाडी पाहून म्हणाला, “साहेब, ही माझ्या काकापेक्षा वयाने मोठी दिसते. हिला पाना लावू की नमस्कार करू?” मी त्याला सांगितले की दोन्ही करावे, परंतु पाना माझ्यादेखत लावावा.

येथे एक गोष्ट लिहितो. तुमच्या ताईने गॅरेजात मला कधी कशालाही हात लावू दिला नाही. गाडीचे काही काम निघाले की ती स्वतः बाह्या सरसावून खाली उतरे, आणि मला म्हणे, “तुम्ही काही करू नका. नुसते आत बसा.” मी माझ्या जागी बसून वर्तमानपत्र वाचीत असे आणि खालून तिचे व मिस्त्रींचे बोलणे ऐकत असे. मी मध्ये लुडबुडू नये एवढाच तिचा हेतू असावा, आणि तो रास्तही होता. माझ्या हातून साधा खिळा सरळ जात नाही. तरीही प्रत्येक वेळी किंचित वाईट वाटे, हे खरे.

या वेळी मी आत बसलो नाही. गाडी चारही बाजूंनी वर उचलून टेकूंवर ठेवली होती, चाके अधांतरी होती. त्याच स्थितीत मी प्रत्येक नट करकचून आवळून घेतला आणि त्यावर पिवळ्या रंगाची खूण केली. शिक्का मारल्याखेरीज वजन दुकानदाराच्या हाती परत द्यायचे नाही, हा माझा नोकरीतला शिरस्ता होता. हा नवा मिस्त्री म्हणाला, “साहेब, तुमच्यासारखे दोन गिऱ्हाईक आले तर मला रंगाचं दुकान काढावं लागेल.”

जुन्या स्प्रिंगा भंगारवाल्याने त्याच दिवशी नेल्या. गाडी आता सरळ उभी आहे. किंबहुना पूर्वीपेक्षा थोडी उंच, टाचा उचलून कोणाची वाट पाहावी तशी. बुडबुडा बरोबर मध्यावर आहे.

तुमच्या ताईने हे पाहावयास हवे होते.

तुमचा,
भावोजी


१६ नोव्हेंबर

भावोजी,

अभिनंदन. पिवळ्या खुणांचं वाचून इतकी हसले की भाडेकरू आतून धावत आला. त्याला वाटलं, मला काही झालं!

पण पूर्ण पत्र शोधलं, चालवून कशी वाटते ते कुठेच नाही. उभी सरळ आहे हे कळलं. गाडी काय ओट्यावर ठेवायचं भांडं आहे, सरळ उभं राहिलं की झालं? खड्ड्यातून नेलीत का? बसून उठते का अजून?

खरं सांगा. मला माहीत करून घ्यायचंय.

धाकटी


२४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुम्ही खरे सांगा असे लिहिले आहे, म्हणून लिहितो.

तुमचे पत्र येईपर्यंत मी गाडी चालवलेली नव्हती. दर रविवारी मी इंजिन सुरू करतो, बॅटरी उतरू नये म्हणून. सुरू केल्यानंतर मी पलीकडून फिरून माझ्या जागेवर जाऊन बसतो. काही वेळाने पुन्हा फिरून येऊन ते बंद करतो. यात काही अर्थ नाही हे मला कळते.

या रविवारी मी चालकाच्या जागेवरच राहिलो आणि पुलापर्यंत जाऊन आलो. तुमच्या ताईची सीट पुढे ओढलेली आहे. माझे गुडघे स्टिअरिंगच्या चाकाला लागतात. ती मागे सरकवता येते. मी सरकवली नाही.

आता चालीविषयी. थोरली बसत नाही. पुलाच्या तोंडाशी जो उंचवटा आहे, त्यावरून ती उडी मारल्यासारखी गेली आणि तितक्याच जोराने आपटली. थर्मासमधला चहा झाकणातून बाहेर आला. समोरच्या खणातून गोळ्यांची एक डबी उडून माझ्या पायाशी पडली. प्रवासाला निघताना तुमची ताई त्यातली एक गोळी मला देत असे, वळणांवर मळमळू नये म्हणून. डबी उघडली तर तळाशी चिकटून बसलेल्या थोड्या अजून आहेत.

मिस्त्री म्हणतो, नवे भाग आहेत, हळूहळू सैलावतील. मी दुसऱ्यांदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो. ती सैलावत नाही. दगडावर बसून डोंगर उतरावा तसे वाटते. कदाचित या स्प्रिंगाच कठीण असतील. सरळपणा आणि मऊपणा या दोन गोष्टी एकत्र मिळत नसाव्यात, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे.

तुम्ही जानेवारीचा आग्रह का धरला आहे, ते विचारू नका असे लिहिले होते. मी विचारीत नाही. परंतु अशा गाडीतून लांबचा पल्ला माझ्याने होईल असे वाटत नाही. मी आगगाडीने येऊ शकेन.

तुमचा,
भावोजी


२ डिसेंबर

भावोजी,

आता लपवण्यात अर्थ नाही, कारण तुम्ही तुमचं सांगितलंत. मग मीही सांगते.

आठ जानेवारीला माझं पाठीच्या कण्याचं ऑपरेशन आहे. ‘पाठ कुरकुरते’ म्हणाले होते ना, ती कुरकूर नव्हती, बोंब होती. एक मणका सरकलाय. डॉक्टर चांगले आहेत, घाबरायचं काही नाही, ऑपरेशनची मला भीतीही वाटत नाही. भीती वाटते ती परत येण्याची. इस्पितळ इथून तीन तासांवर, रस्ता तुम्ही पाहिलाय. डॉक्टर म्हणाले, चार दिवसांनी बसून घरी जाता येईल, पण धक्का बसता कामा नये. मी विचारलं, एकही नाही? ते म्हणाले, एकही नाही.

तर माझ्या डोक्यात एकच गाडी आली. लहानपणी मला ताप आला की ताई मला उचलून थोरलीच्या मागच्या सीटवर नेऊन झोपवायची आणि बाबा मला डॉक्टरांकडे न्यायचे. ताई पुढून हात मागे करून माझा पाय धरून ठेवायची. मी कधी डॉक्टरांपर्यंत जागी राहिले नाही. तसंच यावं घरी, एवढीच हौस होती. तुम्ही सोनं तोलल्यासारखी गाडी चालवणार हे मला माहीत होतं.

फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही ‘बरं’ म्हणाला असतात, आणि त्या ‘बरं’चा अर्थ लावत मी महिनाभर बसले असते. शिवाय ताईच्या वेळी इस्पितळाचे जिने इतके चढलात. वाटलं, आधी येऊ देत, मग सांगू.

आता अँब्युलन्स ठरवली आहे. पडून यायचं, छताकडे बघत. काही बिघडत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आणि आगगाडीनेही यायची गरज नाही. थंडीत तुमचा खोकला वाढतो.

धाकटी


५ डिसेंबर

चि. धाकटीस,

पत्र मिळाले.

मी भंगारवाल्याकडे गेलो होतो. जुन्या स्प्रिंगा वितळवायला पुढे गेल्या आहेत. त्याने मला ढिगातून तशा दिसणाऱ्या दुसऱ्या दाखवल्या. त्या तशा नव्हत्या.

अँब्युलन्स रद्द करू नये. परंतु मी येत आहे. आगगाडीने, मालगाडीने, जशी मिळेल तशी. याविषयी पुढे चर्चा नको. मला खोकला नाही.

एक विचारतो. तुम्ही दोघी या गाडीखाली वाढलात. तुमच्या वडिलांनी तिला तीस वर्षे मऊ ठेवले आणि तुमच्या ताईने त्यानंतर तितकीच. मी तिला एका दिवसात दगड केले. माझे काय चुकले असेल, याची काही कल्पना तुम्हाला देता येईल का?

भावोजी


१० डिसेंबर

भावोजी,

तुमचं नोव्हेंबरचं पत्र पुन्हा काढून वाचलं. पहिल्या वेळी पिवळ्या खुणांवर हसण्याच्या नादात एक वाक्य माझ्या नजरेतून निसटलं होतं. ‘चाके अधांतरी होती. त्याच स्थितीत मी प्रत्येक नट करकचून आवळून घेतला.’ कपाळावर हात मारला मी!

अहो, स्प्रिंगा निर्दोष आहेत. तुम्ही थोरलीला लटकत्या पायांनी बांधून टाकलंत. तो बुश म्हणजे रबर. बोल्ट आवळला की ते रबर जसं असेल तसं तिथे धरलं जातं. चाकं लोंबकळताना आवळलंत, म्हणजे रबराला वाटतं लोंबकळणं हीच आपली खरी जागा. मग गाडी जमिनीवर आली की ते पिळलं जातं आणि सगळा वेळ तिला वर ढकलत राहतं. म्हणून ती टाचा उचलून उभी आहे, आणि म्हणून बसत नाही. असंच ठेवलंत तर ते रबर फाटेलसुद्धा.

उपाय सोपा आहे. सगळे बोल्ट सैल करा. गाडी खाली चाकांवर उतरवा, थोडी झुलवा. मग जी माणसं तिच्यात नेहमी बसतात तेवढं वजन तिच्यात बसवा, आणि मग गॅरेजात गाडीखाली जो खड्डा असतो त्यात उतरून आवळा. भार अंगावर घेतल्याशिवाय थोरलीला बांधायचं नाही, हा बाबांचा नियम. आणि हे वजन म्हणजे कोण होतं माहीत आहे? आम्ही दोघी! बाबा आम्हाला मागच्या सीटवर बसवायचे, पुढे आईला, आणि खाली जायचे. हललो की खालून ओरडायचे, “वजनांनी भांडू नये!”

आता पुढचं नीट वाचा. पत्र टेबलावर ठेवून वाचा.

तुमचं लग्न झाल्यावर ताई पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा बाबांनी विचारलं, “कसा आहे गं नवरा?” ही म्हणाली, “बाबा, मला वजन मिळालं. हलत नाही, भांडत नाही, हातात पेपर दिला की झालं.” आम्ही तिघं इतके हसलो, की आईने आतून विचारलं काय झालं.

भावोजी, ती तुम्हाला गॅरेजात दूर सारत नव्हती. तुम्ही आत बसलात की ती खाली जाऊन तुमच्या भारावर गाडी बांधत होती. प्रत्येक वेळी. थोरली सगळी वर्षं तुमच्या मापाची होती. आयुष्यभर दुनियेची वजनं तपासलीत, आणि स्वतः एक आहात हे कळलं नाही?

एकदा मी तिला म्हटलं होतं, अगं सांग ना त्यांना. तर म्हणाली, “सांगितलं तर ते ऑफिसातून शिक्क्याची लोखंडी वजनं आणतील, सीटवर रचतील आणि स्वतः बाहेर उभे राहतील. मला ते आत हवेत.”

बाकी तुम्ही ठरवा. दिवस आहेत अजून. माझं वजन विचाराल तर ताईइतकंच. आम्ही एकमेकींचे कपडे घालायचो, आठवतंय ना? तिचा तो निळा कोट शेवटपर्यंत माझाच होता.

धाकटी


२१ डिसेंबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुझे पत्र आले त्या दिवशी मी ते सांगितल्याप्रमाणे टेबलावर ठेवून वाचले. नंतर ते पुन्हा पहिल्यापासून वाचले. स्वयंपाकाच्या बाईंनी विचारले, वाईट बातमी आहे का. मी म्हणालो, नाही. मग त्यांनी पाणी आणून ठेवले आणि खिडकी पुसायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या कार्यालयात जाऊन लोखंडी वजने मागून आणली. तुझ्या ताईचा अंदाज किती बिनचूक होता, ते तूच पाहा. मात्र पुढचा भाग तिच्या अंदाजाप्रमाणे झाला नाही. वजने मी माझ्या जुन्या जागेवर ठेवली, तुझ्या वतीने. सीट मळू नये म्हणून खाली तिची राखी शाल घातली. आणि मी स्वतः बाहेर उभा राहिलो नाही.

मी चालकाच्या जागेवर बसलो. मिस्त्री खड्ड्यातून वर पाहून म्हणाला, “साहेब, असे आखडून काय बसलात? गाडी चालवताना जसे बसणार तसे बसा, नाहीतर माप चुकेल.” त्याचे म्हणणे बरोबर होते. मी खालचा खटका ओढला आणि सीट मागे सरकवली. ती सहज सरकली. मला वाटले होते, इतक्या वर्षांनी ती अडून बसेल.

सवयीने वर्तमानपत्र बरोबर घेतले होते. उघडले, काय वाचले ते सांगता येणार नाही. खालून पान्याचा आवाज येत होता. एक बोल्ट, मग पलीकडचा. हा आवाज मी किती वेळा ऐकला होता, आणि तो माझ्याविषयी आहे हे मला ठाऊक नव्हते. मिस्त्री म्हणाला, “झालं साहेब, उतरा.” मी म्हणालो, जरा थांब. तो बिचारा खड्ड्यातच थांबला, आणि काही वेळाने म्हणाला, “पेपरात काही विशेष आहे का?”

त्याने पिवळा रंग पुढे केला. मी नको म्हणालो.

त्यानंतर पुलापर्यंत गेलो. उंचवट्यापाशी थोरली हळूच बसली आणि मग उठली. मी पुन्हा मागे जाऊन पुन्हा त्यावरून गेलो. थर्मासचे झाकण मुद्दाम सैल ठेवले होते. शेजारची सीट कोरडी राहिली. घरी येऊन नळी लावली नाही. डोळ्यांना दिसते, ती पुन्हा शेजारच्या बाजूला किंचित झुकली आहे. लोखंड उतरवले तरी झुकलेली आहे. मिस्त्री म्हणतो, नव्या स्प्रिंगांत असे व्हायला नको, सांगाड्यालाच ती सवय जडली असावी. मी त्याला सांगितले की राहू दे.

अँब्युलन्स आता रद्द करावी. मी दोन जानेवारीला निघतो, वाटेत मुक्काम करीत येतो. रोज सकाळी गाडी चालवून पाहतो आहे. मागून येणारे भोंगे वाजवतात, वाजवू देत.

आता एक तांत्रिक बाब. नव्या स्प्रिंगा पहिल्या लांब प्रवासात थोड्या दबून आपल्या जागी बसतात, आणि त्यानंतर सर्व बोल्ट एकदा सैल करून पुन्हा भारावर आवळावे लागतात. हे मी त्या कारखान्याला पत्र लिहून विचारले. त्यांचे उत्तर आले आहे. तेव्हा अखेरचे आवळणे तुझ्याकडे पोचल्यावरच होईल. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी जे गॅरेज आहे त्यांच्याकडे खड्डा आहे का, ते विचारून ठेव. पाना मी आणतो. या वेळी खाली मी उतरणार आहे. मिस्त्रीने मला गेले आठवडाभर शिकवले आहे, आणि माझे कपडे पाहून बाई रोज काहीतरी पुटपुटतात.

लोखंडाची वजने मी कार्यालयात परत केली. त्या जागेवर आता फक्त शाल आहे, आणि खणात ती गोळ्यांची डबी. नव्या गोळ्या भरल्या आहेत. निळा कोट घालून ये, थंडी असेल.

मी खाली असेन तेव्हा वेळ लागेल, कारण मी सावकाश काम करतो. म्हणून वर्तमानपत्र आणतो आहे. तू काही करू नकोस. नुसती आत बस.

तुझा,
भावोजी